शाळेच्या विकिपीडिया-पानावर ‘उल्लेखनीय माजी विद्यार्थी’ कोणाला म्हणावे?

प्रश्न : गोदाकाठचा (नाशिक)

नमस्कार. मी नाशिकच्या एका जुन्या मराठी शाळेचा माजी विद्यार्थी असून निवृत्तीनंतर गेली चार वर्षे मराठी विकिपीडियावर जमेल तसे लिहितो. शाळेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण प्रश्न शाळेचा नसून यादीचा आहे, आणि शाळेत अजून माझी ऊठबस आहे.

शाळेच्या पानावर ‘उल्लेखनीय माजी विद्यार्थी’ असा विभाग आहे. मी लिहू लागलो तेव्हा त्यात ६ नावे होती. गेल्या महिन्यात मोजली तर ३४ भरली. एक साहित्यिक, दोन माजी आमदार, एक शास्त्रज्ञ ही नावे कोणालाही मान्य व्हावीत अशी आहेत. पुढे मात्र तीन माजी नगरसेवक, एक बांधकाम व्यावसायिक, दूरचित्रवाणीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत गेलेली एक मुलगी, कबड्डीत राज्यस्तरावर खेळलेले दोघे, बोर्डाच्या गुणवत्ता यादीत आलेले पाच जण आणि शाळेच्याच संस्थेचे एक विद्यमान विश्वस्त अशी भर पडत गेली आहे. विश्वस्तांच्या नावाआधी ‘सुप्रसिद्ध समाजसेवक’ असे विशेषण आहे आणि संदर्भ म्हणून शाळेच्या संकेतस्थळावरचे त्यांचेच मनोगत जोडले आहे.

ज्यांना कसलाच संदर्भ नव्हता अशी १९ नावे मी एका रविवारी काढली आणि संपादन सारांशात कारणही लिहिले. सोमवारी सकाळी चहा घेताना पाहिले, तर सगळी नावे परत आलेली होती आणि वर दोन नवी होती. सारांशात ‘शाळेचा अपमान सहन केला जाणार नाही’ एवढेच होते. दुपारपर्यंत माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्या संपादनाचा स्क्रीनशॉट फिरला आणि आमच्याच बॅचच्या एका मित्राने फोन करून विचारले, “अरे, लोकांची किंमत ठरवायला तुला कोणी नेमलंय का?” प्रश्न बोचला, पण गैर होता असे म्हणवत नाही.

माझ्या शंका अशा आहेत. यादीत नाव ठेवण्यासाठी त्या व्यक्तीवर विकिपीडियात स्वतंत्र लेख असलाच पाहिजे का? तसे धरले तर आमच्याकडे तीनच नावे उरतील. जो मुलगा पाचवी-सहावी अशी दोनच वर्षे आमच्या शाळेत होता आणि वडिलांच्या बदलीबरोबर गाव सोडून गेला, त्याला माजी विद्यार्थी म्हणायचे का? आणि सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे शाळेच्या व्हरांड्यातला संगमरवरी फलक. १९४२च्या चळवळीत तुरुंगवास भोगलेल्या चार माजी विद्यार्थ्यांची नावे त्यावर कोरलेली आहेत. प्रार्थनेच्या रांगेत उभे राहून रोज वाचल्यामुळे ती मला आजही पाठ आहेत, पण फलकाबाहेर त्यांच्याविषयी एक ओळही मला मिळालेली नाही. तीही त्या १९ नावांत होती. बाकीच्या पंधरांविषयी मला फारसे वाटले नाही. ही चार पुसताना मात्र हात थबकला होता.

उत्तर १ : धूळपाटी

गोदाकाठचे यांस नमस्कार. मी बऱ्याच वर्षांपासून शाळा-महाविद्यालयांच्या पानांवर काम करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यादीतल्या प्रत्येक नावाला दोन निरनिराळे प्रश्न विचारावे लागतात, आणि ते एकात एक मिसळले की भांडण सुरू होते. विश्वकोशाने दखल घ्यावी अशी ही व्यक्ती आहे का, हा पहिला. ती खरोखर या संस्थेत शिकली का, हा दुसरा. पहिल्या प्रश्नासाठी त्या व्यक्तीशी हितसंबंध नसलेल्या, प्रकाशित आणि विश्वासार्ह स्रोतांनी तिच्याविषयी नुसता नामोल्लेख न करता काही मजकूर लिहिलेला असावा लागतो. विश्वस्तांचे स्वतःचे मनोगत या कामी निरुपयोगी आहे, मग ते कितीही खरे असो. दुसऱ्या प्रश्नासाठी अट थोडी सैल असते. ‘अमुक गृहस्थ आमच्या शाळेत होते’ ही साधी, वाद नसलेली माहिती शाळेच्या प्रकाशनातून घेतली तरी सहसा कोणी हरकत घेत नाही.

गंमत अशी की लोक पहिल्या प्रश्नावर तावातावाने बोलतात आणि दुसरा विसरूनच जातात. माणूस मोठा आहे ना, मग घाला यादीत. नाशिकमध्ये तर याची उदाहरणे हाताशी आहेत. कुसुमाग्रजांचे नाव इथल्या कोणत्याही संस्थेला हवेसे वाटणारच. त्यांचे माध्यमिक शिक्षण न्यू इंग्लिश स्कूलमध्ये झाले, जी आज रुंगटा हायस्कूल म्हणून ओळखली जाते, आणि पुढचे शिक्षण हंसराज प्रागजी ठाकरसी (हं. प्रा. ठा.) महाविद्यालयात झाले. म्हणून या दोन पानांवर त्यांचे नाव असणे रास्त आहे. पदवी मात्र मुंबई विद्यापीठाची, कारण पुणे विद्यापीठाची स्थापनाच १९४९ची आहे. तेव्हा ‘हे महाविद्यालय पुणे विद्यापीठाचे, म्हणून कुसुमाग्रज पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी’ हा तर्क चालत नाही. वसंत कानेटकर त्याच महाविद्यालयात अनेक वर्षे शिकवत होते. ते प्राध्यापकांच्या विभागात हवेत, विद्यार्थ्यांच्या नव्हे. दादासाहेब फाळके जन्माने त्र्यंबकेश्वरचे. पण १८८५मध्ये ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले आणि नंतर बडोद्याच्या कलाभवनात शिकले. त्र्यंबकेश्वरच्या पानावर त्यांचा मान पहिला, पण तेवढ्यावरून नाशिकच्या एखाद्या कलामहाविद्यालयाला त्यांच्यावर हक्क सांगता येणार नाही.

स्वतंत्र लेख असलाच पाहिजे का? इंग्रजी विकिपीडियावर ‘आधी लेख लिहा, मग यादीत नाव घाला’ असे सांगणारा एक निबंध पुष्कळदा पुढे केला जातो, पण तो निबंधच आहे. नियमाचा दर्जा त्याला नाही. प्रत्यक्षात लेख नसला तरी लेख होऊ शकेल एवढे स्रोत दाखवता आले, तर लाल दुव्यासह (म्हणजे अजून न लिहिलेल्या लेखाच्या दुव्यासह) नाव राहते. माझ्या मते तुमच्याकडे नाव राखण्याची अट ‘दोन स्वतंत्र संदर्भ’ अशी ठेवावी. ‘लेख आहे’ अशी ठेवली तर मराठीत निम्म्या शाळांच्या याद्या रिकाम्या होतील.

दोन वर्षे शिकलेला मुलगा माजी विद्यार्थी धरावा. शेवटची परीक्षा त्याच शाळेतून दिली पाहिजे असा आग्रह इंग्रजी विकिपीडियाच्या शाळांविषयीच्या मार्गदर्शक संकेतांतही नाही. फक्त वर्षे माहीत असतील तर कंसात द्यावीत, म्हणजे वाचणाऱ्याला प्रमाण कळते. मानद पदवीने मात्र कोणी माजी विद्यार्थी होत नाही.

एक सूचना. परतवापरतवी, म्हणजे एकमेकांची संपादने पुनःपुन्हा उलटवणे, करू नका. इंग्रजी विकिपीडियावर २४ तासांत तीनपेक्षा जास्त वेळा परतवणे हा थेट नियमभंग आहे. मराठीत कोणी इतके मोजत बसत नसले तरी तुमची बाजू त्याने कमकुवतच होते. आधी लेखाच्या चर्चा पानावर लिहा, तिथे मिटले नाही तर चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक चर्चेच्या पानावर, जा. आणि यादीतले बहुतेक लोक हयात आहेत हे ध्यानात ठेवा. हयात व्यक्तीविषयी वादग्रस्त आणि संदर्भहीन मजकूर वाट न पाहता काढावा असा संकेत आहे, आणि तो तिचे नुकसान होऊ नये म्हणूनही आहे.

उत्तर २ : सुरगाणेकर

धूळपाटी यांचे विवेचन नेटके आहे, परंतु ‘स्वतंत्र, विश्वासार्ह, प्रकाशित स्रोत’ हे शब्द नाशिक शहरात बसून जितके सोपे वाटतात तितके जिल्ह्याच्या आदिवासी भागातल्या पेठ-सुरगाण्याकडून सोपे दिसत नाहीत. वृत्तपत्राने कोणाची दखल घ्यावी हे कोणीतरी ठरवलेले असते, आणि ठरवणारे बराच काळ शहरातले, विशिष्ट घरांतले आणि बहुतांशी पुरुष होते.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३०मध्ये सुरू झाला आणि काही वर्षे चालला. बाबासाहेबांचे आणि दादासाहेब गायकवाडांचे नाव प्रत्येक कोशात आहे, असायलाच हवे. दरवाजासमोर दिवसचे दिवस बसलेल्या बायाबापड्यांची नावे कोणत्या अंकात सापडणार आहेत? आणि त्यांच्यातल्या कितीजणांना त्या काळी शाळेच्या पटावर जागा होती, हा प्रश्न तर विचारायलाच नको.

दुसरे उदाहरण आमच्या बाजूचे. सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळवून आली आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिने रौप्यपदक मिळवले. त्यानंतर स्रोतांना तोटा राहिला नाही. पण पदक चार सेकंदांनी हुकले असते, तर तितकीच धावलेली तीच मुलगी जिल्हा पानावरच्या एका चौकटीपुरती उरली असती. म्हणून माझा आग्रह आहे की मराठी दैनिकाच्या जिल्हा पानावरची बातमीही स्रोत म्हणून मोजावी, आणि तुमच्या राज्यस्तरीय कबड्डीपटूंना नगरसेवकांच्या ओळीत बसवून एका झटक्यात पुसू नये. नगरसेवक पुसले तर मला दुःख नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो.

धूळपाटी यांचे प्रत्युत्तर

जिल्हा पान चालेल, मी नाही म्हटलेले नाही. पण तिथेही फरक करावा लागतो. वार्ताहराने चार परिच्छेद लिहिलेली मुलाखत आणि शाळेनेच पाठवलेले ‘अमुक यांचा सत्कार’ हे प्रसिद्धिपत्रक एकाच पानावर, एकाच टायपात छापलेले असते. दुसऱ्याला स्वतंत्र स्रोत म्हणता येत नाही. वाढदिवसाच्या पुरवण्यांविषयी तर बोलायलाच नको. त्यांत प्रत्येक जण ‘लोकनेता’ असतो.

पदक चार सेकंदांनी हुकले असते तर काय, याला माझ्याकडे उत्तर नाही. जगाने ज्याची नोंद केली त्याचीच नोंद विश्वकोश करतो. जगाने केलेला अन्याय यादीत एक नाव वाढवून आम्ही दूर करू लागलो, तर तिथे आमची आवडनिवड सुरू होते. सुरगाणेकर यांना हे पटणार नाही याची कल्पना आहे.

उत्तर ३ : जुनीफाईल

मी ग्रंथालयात काम केलेले आहे, त्यामुळे वादात न पडता स्रोत कुठे शोधायचे एवढेच सांगते.

फलकावरच्या चौघांसाठी सुरुवात राज्य शासनाच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागाने प्रसिद्ध केलेल्या स्वातंत्र्यसैनिकांच्या चरित्रकोशापासून करावी. त्यातली नोंद पुष्कळदा दोन-तीन ओळींचीच असते. तिच्यावर स्वतंत्र लेख उभा राहणार नाही, पण यादीतल्या एका ओळीला ती पुरेशी आहे असे मला वाटते. मग नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात विचारावे. संस्था १८४०ची आहे, आणि जुने काही हवे असेल तर नाशिककराचे पाय आधी तिकडेच वळतात. ‘गावकरी’ या वृत्तपत्राच्या जुन्या अंकांचीही चौकशी करावी. जाण्यापूर्वी फोन करावा आणि हवे असलेले वर्ष व महिना कागदावर लिहून न्यावा. ‘बेचाळीसच्या सुमाराचे काहीतरी’ असे सांगितले की शोधणाऱ्याचा अर्धा दिवस जातो.

नावे जुळवताना घाई करू नये. आपल्याकडे आडनाव आणि पहिले नाव सारखे असणारी माणसे एका तालुक्यात चार सापडतात. वडिलांचे नाव, गाव आणि वय यांपैकी निदान दोन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हेच ते’ असे म्हणू नये.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. शाळेत शिकल्याचा पुरावा म्हणून काही उत्साही मंडळी कार्यालयातल्या जनरल रजिस्टरच्या पानाचा फोटो काढून चढवतात. मी असे एक पान पाहिले आहे. एका ओळीत हवा असलेला विद्यार्थी होता, आणि त्याच्या वरखाली असलेल्या अकरा मुलांची जात, जन्मतारीख, पालकाचा धंदा आणि शाळा सोडल्याचे कारण, सगळे स्वच्छ वाचता येत होते. एका मुलाच्या पुढे ‘फी थकल्याने’ असे लिहिलेले होते. ते रजिस्टर प्रकाशित साधन नाही, त्यामुळे संदर्भ म्हणून ते चालतच नाही. आणि चालले असते तरी ते चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिलेला नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्याचेही तेच.

शाळेची स्मरणिका मात्र छापील असते, ती पाहावी. पण यादी कुठून घेतली हे संपादकांना विचारून घ्यावे.

उत्तर ४ : उपकेंद्र

शाळेपेक्षा विद्यापीठांच्या पानांवर हा घोळ जास्त आहे, म्हणून थोडक्यात भर घालतो. आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८पासून नाशिकला आहे आणि राज्यभरातली वैद्यकीय महाविद्यालये त्याला संलग्न आहेत. म्हणजे नागपूरला शिकून पदवी घेतलेला, नाशिकला पायही न लावलेला डॉक्टर कागदोपत्री इथला माजी विद्यार्थी ठरतो. मुक्त विद्यापीठाचे, जे १९८९मध्ये स्थापन झाले, त्याहून वेगळे आहे. तिथे शिकणे घरी बसून किंवा अभ्यासकेंद्रावर होते, पण पदवी थेट त्याच विद्यापीठाची असते. नोकरी करत पदवी पूर्ण केलेल्यांना तिथून वगळणे मला अन्यायाचे वाटते. आम्ही असे ठरवले आहे की संलग्न महाविद्यालय असेल तर नाव महाविद्यालयाच्या पानावर जावे आणि मुक्त विद्यापीठाचे विद्यार्थी विद्यापीठाच्याच पानावर राहावेत. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या सामायिक माहितीसंग्रहात, शिक्षणसंस्थेच्या रकान्यात कोणी काही भरले की तेच पुढे अनेक ठिकाणी पसरते, म्हणून तिथेही लक्ष असू द्या.

गोदाकाठचा (प्रश्नकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवडे कामात गेले, म्हणून उत्तर उशिरा देत आहे.

जुनीफाईल ताईंनी स्मरणिकेविषयी विचारायला सांगितले, ते ऐकले हे बरे झाले. ज्यांनी माझी संपादने परतवली होती त्यांनी चर्चा पानावर शाळेच्या स्मरणिकेचा संदर्भ दिला होता आणि तो छापील असल्यामुळे मी जवळजवळ मान्य करणार होतो. स्मरणिका मागवून पाहिली. त्यात आमच्या शास्त्रज्ञांचे शाळा सोडल्याचे वर्ष १९७६ दिलेले आहे. खरे वर्ष १९६७. ही चूक मला ओळखीची वाटली, आणि पानाचा इतिहास उघडला तेव्हा कारण कळले: चार वर्षांपूर्वी ते वर्ष मीच घाईत उलटे टंकले होते. स्मरणिकावाल्यांनी यादी विकिपीडियावरून जशीच्या तशी उचलली, आणि आता त्याच स्मरणिकेच्या आधाराने विकिपीडियावरची यादी सिद्ध केली जात होती. चर्चा पानावर मी माझी चूक कबूल करून ही साखळी दाखवली. त्यानंतर स्मरणिकेचा आग्रह थांबला.

सध्या यादीत १२ नावे आहेत. उरलेली २४ नावे मी पुसली नाहीत. विश्वस्तांचे सोडून बाकीची चर्चा पानावर हलवून प्रत्येकापुढे काय कमी आहे ते लिहिले आहे, काहींना स्वतंत्र स्रोत हवा, काहींना शाळेत शिकल्याचा पुरावा. हलवले म्हटल्यावर लोक पुसले म्हटल्याइतके चिडत नाहीत, हा अनुभव इतरांच्याही उपयोगी पडेल. विश्वस्तांचे नाव व्यवस्थापनाच्या विभागात गेले असून विशेषण गळले आहे. त्यावर अजून फोन आलेला नाही. गाणाऱ्या मुलीवर एका मासिकात तीन पानी लेख मिळाला आणि दोन दैनिकांनी तिच्या मुलाखती छापलेल्या आहेत, त्यामुळे ती राहिली. गुणवत्ता यादीतल्या पाचांपैकी एकही राहिला नाही, आणि त्यांतला एक माझा सख्खा चुलतभाऊ आहे, त्यामुळे या दिवाळीला काय वाढून ठेवले आहे ते पाहायचे.

सुरगाणेकर यांना मुद्दाम सांगतो की ज्या मित्राने मला फोनवर झापले होते, त्यानेच दोन कबड्डीपटूंपैकी एकाची कात्रणे काढून दिली. पत्र्याच्या पेटीत, वर्तमानपत्राच्या घड्या पिवळ्या पडून फाटायला आलेल्या होत्या. एक कात्रण सत्काराचे आहे, ते बाजूला ठेवले. दुसरे मात्र वार्ताहराने त्यांच्या घरी जाऊन लिहिलेले आहे, आणि त्यात शाळेच्या मैदानाचाही उल्लेख आहे. एकाच कात्रणात दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळाली. तरी संदर्भ एकच आहे, म्हणून नाव ठेवावे की नाही यावर चर्चा पानावर अजून मतभेद चालू आहेत. मी ठेवण्याच्या बाजूने लिहिले आहे.

राहिला फलक. चरित्रकोशात चौघांपैकी एकाचे नाव आणि आडनाव मिळाले, गाव निफाड तालुक्यातले, शिक्षाही १९४२मधलीच. मला आनंद झाला आणि मी ओळ लिहायलाही घेतली. मग पुन्हा शाळेत जाऊन फलक जवळून पाहिला. त्यावर वडिलांच्या नावाचे आद्याक्षर ‘रा.’ असे कोरलेले आहे. कोशात वडिलांचे नाव ‘ग’ने सुरू होते. कोरणाऱ्याची चूक असेल, किंवा माणसेच दोन असतील. चारही नावे तूर्त चर्चा पानावर आहेत. शनिवारी निफाडला जाऊन त्या गावात कोणी घरचे भेटतात का ते पाहणार आहे. त्यांच्या सांगण्याला संदर्भ म्हणता येणार नाही हे मला ठाऊक आहे, पण वडिलांचे नाव काय होते एवढे तरी कळेल.